१:१२ मापाचं लाकडी फर्निचर: काय लहान करायचं, काय नाही?

पाऊणइंची

सुतारकामावर इथे बोलणारे बरेच आहेत, पण बाहुलीघराच्या मापाचं फर्निचर करणारे तुरळक. तेही कुठल्या तरी भलत्याच धाग्याच्या शेपटाला सापडतात. म्हणून हा वेगळा धागा.

माझं सगळं काम १:१२ मध्ये चालतं. खऱ्या वस्तूचा एक फूट तो आपला एक इंच, त्यामुळे हिशेबाला डोकं शिणवावं लागत नाही. हे माप जुनं आणि रुळलेलं आहे. १९२० च्या दशकात एडविन लट्यन्स या वास्तुविशारदाने राणी मेरीसाठी जे बाहुलीघर आखलं, तेही याच मापाचं. ते आता विंडसर कॅसलमध्ये आहे. त्यात विजेचे दिवे लागतात, नळाला पाणी येतं, लिफ्टसुद्धा आहे.

कागदावर सगळं सोपं दिसतं. खुर्चीची बैठक जमिनीपासून ४५ सेंमी, म्हणजे आपली ३७.५ मिमी. टेबल ७५ सेंमी उंच, म्हणजे ६२.५ मिमी. सात फुटी दार सात इंचांचं. जाडीला हात घातला की मात्र गाडी अडते. कपाटाची १८ मिमी फळी दीड मिलिमीटरवर येते आणि खणाची १२ मिमीची बाजू एक मिलिमीटरवर. त्यातून लाकडाची छिद्रं, करवतीच्या पात्याची जाडी, गोंदाचा थर आणि आपली बोटं यांतलं काहीच बारा पटीने लहान होत नाही. सांध्यात ०.१ मिमीची फट राहिली, तर ती खऱ्या कपाटात सव्वा मिलिमीटरची फट राहावी तशी दिसते. माझं मत असं, की या कामातलं निम्मं कसब हात चालवण्यात आहे आणि निम्मं कुठे मापाला चिकटून राहायचं आणि कुठे सरळ फसवायचं हे ठरवण्यात.

जागा म्हणाल तर खिडकीपाशी एक लहान टेबल. त्यावर छोटा शिकंजा, सपाट काच (काचपेपर चिकटवून घासायला), हाताने फिरवून बारीक भोकं पाडायचा पिन व्हाइस, व्हर्नियर, गुण्या, ३ आणि ६ मिमीची पटाशी, एक छोटा रंधा, बारीक दातांची पातळ करवत. मोटर लावलेलं एकच यंत्र आहे, लहान ड्रिल. तेही फार वेळ झाकलेलंच असतं.

आता प्रश्न दोन.

एक: चार खणांचं छोटं कपाट हळदूच्या लाकडात केलंय. कोरड्या हवेत खण छान सरकतात. हवा दमट झाली की वरचे दोन हलतच नाहीत. घासून सैल केले तर कोरड्या दिवसांत लटपटतात. यावर उपाय काय?

दोन: खरे सांधे करावेत, की टोकाला टोक लावून चिकटवावं? दोन्हीकडचे कट्टर लोक माहीत आहेत, त्यामुळे जरा कारणांसकट लिहा.

नुसताचवाचक

वाचतोय. फोटो टाका.

गुण्या

खणाचं उत्तर लाकडाच्या रेषांच्या दिशेत आहे. लाकूड लांबीच्या दिशेने, म्हणजे रेषांबरोबर, जवळजवळ फुगत नाही. फुगतं ते आडवं. वाढचक्रांना (खोडाच्या कापलेल्या टोकावर दिसणाऱ्या वर्तुळांना) स्पर्श करणाऱ्या दिशेने ते खोडाच्या केंद्राकडून बाहेर जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट फुगतं. लाकडातला ओलावा पाचेक टक्क्यांनी वाढला, की सामान्य फळी रुंदीला एक टक्क्याच्या आसपास वाढते.

आता तुमचा खण बघा. खणाच्या दर्शनी पट्टीच्या रेषा आडव्या आहेत, त्यामुळे खण रुंदीला वाढत नाही. बाजूच्या पट्ट्यांच्या रेषा पुढून मागे जातात. म्हणजे फुगायला उरली ती फक्त उंची. खण १५ मिमी उंच असेल तर तो ०.१५ मिमी वाढणार. ज्या खाच्यात तो बसतो, त्याची उंची ठरते कपाटाच्या बाजूंवर, आणि त्यांच्या रेषा उभ्या. म्हणजे खाचा आहे तेवढाच राहतो. खण वर अडकतो तो यामुळे.

त्यामुळे बाजूंनी सैल करू नका. लटपट तिथूनच येते. खणाच्या वर ०.२ मिमी जागा सोडा. छपाईचा साधा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. कोरड्या दिवशी खण बसवताना वर दोन कागद सरकले पाहिजेत, आणि दोन्ही कुशींना एक कागदही जेमतेम. खालची धार पॉलिश न करता गुळगुळीत ठेवा.

शक्य असेल तर बाजूच्या पट्ट्या अशा कापा, की वाढचक्रं पट्टीच्या तोंडाला काटकोनात येतील. फुगणं निम्म्यावर येतं. एवढ्याशा पट्टीसाठी अशी फळी निवडणं अवघड नाही, कारण एका हातभर तुकड्यातून चार कपाटांचे खण निघतात.

अजून एक. कपाटाची खोली (पुढून मागे) ही बाजूंच्या फळीची रुंदी आहे, म्हणजे ती कोरड्या हवेत आक्रसते. खणाची लांबी आक्रसत नाही. खण मागच्या पाठीला टेकवून तोंड सपाट केलं असेल, तर कोरड्या हवेत सगळे खण केसभर बाहेर डोकावतील. मागे अर्धा मिलिमीटर मोकळा ठेवा आणि खण थांबवायला पुढच्या पट्टीच्या मागे बारीक ठोकळा लावा.

पाऊणइंची

@गुण्या, खणांची तोंडं बाहेर येण्याचं कोडंही सुटलं की! ते मी गोंदाच्या गोळ्यावर ढकललं होतं.

फटफजिती

काय लोक आहात तुम्ही. मी इथे आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून बाक केला म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेत होतो.

गुण्या

बाक उभा राहतोय ना? मग थोपटा.

सरकण्याबद्दल थोडं राहिलं. वस्तू बारा पटीने लहान झाली, की तिचं आकारमान १२ × १२ × १२ म्हणजे १७२८ पटीने घटतं. पाच किलोची खुर्ची तीन ग्रॅमची होते. घासणारं क्षेत्रफळ मात्र १४४ पटीनेच घटतं. पॉलिशचा किंवा मेणाचा चिकटपणा क्षेत्रफळावर अवलंबून असतो, त्यामुळे खणाच्या वजनाच्या तुलनेत तो बारा पट जाणवतो. खऱ्या कपाटात मेण लावून खण सरसर सरकतो. इथे तेच मेण थोडं जास्त झालं तर खणाला धरून ठेवतं. लावायचंच तर कडक मेण घासा आणि फडक्याने जवळजवळ सगळं पुसून काढा.

रंधेवाला

गुण्या, शाब्बास. मी आयुष्यभर मोठं फर्निचर केलं, आता डोळ्यांवर भिंग लावून हे करतो. माझं थोडं ऐका.

लाकूड आधी. साग सगळ्यांच्या घरात असतो म्हणून सगळे सागाने सुरुवात करतात. सागाची छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतात. ती १:१२ मध्ये ठेवलीत, तर टेबलावर भोकं पाडल्यासारखी दिसतात. शिवाय सागात सिलिका असते, ती धार खाते. पातळ पट्टीला बोथट हत्यार लागलं की पट्टी कापली जात नाही, चिरडते. हळदू उत्तम, ताईंनी बरोबर निवडलाय. बारीक पोत, एकसारख्या रेषा, कोरीवकाम धरून ठेवतो. शिवण हलकी, फारशी वाकडी होत नाही, हाताला मऊ. पण तिच्यावर बारीक कड टिकवायची म्हणजे हत्यार फारच तेज पाहिजे. बाहेरच्या देशांतले कारागीर बॉक्सवुड आणि पेअर वापरतात तेही याच कारणाने, पोत बारीक म्हणून. शिसवाचा रंग देखणा, पण त्याची धूळ काहींना सोसत नाही, अंगावर पुरळ येतं.

आणि अक्रोड हवा म्हणून अक्रोडच पाहिजे असं नाही. हळदूला रंग देऊन अक्रोड करा. लहान मापात असं सोंग खऱ्यापेक्षा खरं दिसतं.

आता दीड मिलिमीटर पट्टी रंधायची कशी. बरेच जण रंधा शिकंज्यात उलटा धरतात आणि पट्टी वरून ओढतात. हे करू नका, बोटांची टोकं जातात. मी हे करतो: सपाट फळीवर दीड मिलिमीटर जाडीच्या दोन पितळी पट्ट्या समांतर चिकटवायच्या. दोन्हींमधलं अंतर रंध्याच्या पात्यापेक्षा थोडं जास्त आणि रंध्याच्या तळापेक्षा थोडं कमी. तळाच्या कडा पितळेवर चालतात, पातं मध्ये लाकडावर. लाकूड पितळेच्या पातळीला आलं की रंधा आपोआप कापायचा थांबतो. मोजायला नको, पुन्हा मोजायला नको, पन्नास पट्ट्या एकाच जाडीच्या.

याच्यात एक मेख आहे. मोठ्या कामात लाकडाच्या पुढे अडसर ठेवून आपण रंधा त्याच्याकडे ढकलतो. पातळ पट्टीला तसं केलं तर ती अडसराला टेकून मध्ये कमानीसारखी उठते आणि पात्यात जाते. पट्टीचं तुमच्याकडचं टोक आवळून धरायचं आणि रंधा त्या टोकापासून लांब न्यायचा. मग पट्टी ताणली जाते, उठत नाही. धार लावायला आळस केलात तर यातलं काहीही चालणार नाही, हे वेगळं सांगायला नको.

पाऊणइंची

काका, पट्टी ताणात ठेवायची हे डोक्यातच आलं नव्हतं. नमस्कार घ्या.

तिरकस_करवत

मी दुसऱ्या प्रश्नावर येतो आणि शिव्या खायला तयार आहे. खरे सांधे कशासाठी? सांधा असतो तो भार पेलायला. तुमच्या खुर्चीत कोण बसणार आहे? वजन १७२८ पटीने घटतं आणि सांध्याचं क्षेत्रफळ १४४ पटीने, हे गुण्यानेच सांगितलंय. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या हिशेबात लहान खुर्ची मोठीपेक्षा बारा पट दणकट. लेझरने तुकडे कापा, टोकाला टोक लावा, चिकटवा, संपलं. आत काय आहे ते कुणाला दिसतंय?

रंधेवाला

मला दिसतं.

तिरकस_करवत

काका, तुमच्याशी वाद घालायची माझी टाप नाही. पण मुद्दा तसाच आहे.

पाऊणइंची

मुद्दा अर्धा बरोबर आहे. खुर्ची स्वतःच्या वजनाने मोडत नाही. ती मोडते उचलताना, कारण बोटं खऱ्या मापाची असतात. पाठ धरून उचलली की मागचा पाय बैठकीशी जिथे मिळतो, तिथे कटकन सुटते. कापलेल्या टोकाचे रेषे उघडे असतात आणि गोंद शोषून घेतात, त्यामुळे टोकाला टोक हा जोड मुळात कच्चा. मग कुठे सांधा करायचा आणि कुठे नाही, हे वस्तू कुठे धरली जाणार यावरून ठरवावं. भिंतीला टेकून राहणाऱ्या कपाटाला नुसता गोंद पुरतो.

लेझरबद्दल: त्याची कड जळून काळी होते. ती घासून काढावी लागते, आणि घासताना माप जातं. फळीच्या जोडाला जळका भाग राहिला तर गोंद नीट धरत नाही. जाळीकामाला लेझर झकास, हे कबूल.

गुण्या

मधला मार्ग: खुंटी. खऱ्या मॉर्टिस-टेननऐवजी (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायचा सांधा) ०.८ मिमीची बांबूची खुंटी. बांबूची काडी चिरून, सोनार तार ओढायला वापरतात त्या भोकांच्या पट्टीतून एकेक लहान भोकातून ओढत आणायची. गोल, सरळ, चिवट काडी मिळते. पायात आणि बैठकीच्या पट्टीत पिन व्हाइसने भोक पाडायचं. दोन भोकं एका रेषेत यायला आधी एका बाजूला भोक पाडा, त्यात टाचणीचं तुटकं टोक थोडं बाहेर ठेवून बसवा आणि दुसरा भाग त्यावर दाबा. टोकाचा ठसा उमटतो, तिथेच भोक.

तिरकस_करवत

हे पटलं. टाचणीची युक्ती चोरली.

चिमुकलं_कपाट

डव्हटेलचं काय, म्हणजे कबुतराच्या शेपटासारखे पसरट दात एकमेकांत अडकवायचा कोपऱ्याचा सांधा? मला खणाच्या कोपऱ्यात डव्हटेल दिसल्याशिवाय चैनच पडत नाही.

पाऊणइंची

तिथे करवतीचं पातं आडवं येतं. सोनारी करवतीचं बारीक पातंही पाव मिलिमीटरच्या आसपास चीर पाडतं. खऱ्या मापात ती ३ मिमी झाली. जुन्या उत्तम खणांत दोन शेपटांमधली खुंटी, म्हणजे मधला दात, टोकाला जेमतेम चिरेएवढी असते. तसं १:१२ मध्ये करायचं म्हणजे पाव मिलिमीटरची खुंटी. ती तुटणारच. मी शेपटांची संख्या कमी करते: खऱ्या खणाला पाच असतील तिथे दोन किंवा तीन. लांबून नजर "डव्हटेल आहे" एवढंच वाचते, मोजत नाही. आणि फक्त पुढच्या कोपऱ्यांना. मागे साधी खाच.

वाफाळ

मी या धाग्यावर एका वेगळ्याच खुर्चीची कैफियत घेऊन आलोय. मिखाएल थोनेटची १४ नंबरची खुर्ची, १८५९ सालची. वाफवून वाकवलेल्या बीचच्या लाकडाची, तीच जी जुन्या कॅफेंच्या चित्रांत दिसते. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटी करून एका घनमीटरच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्या मावायच्या. ती १:१२ मध्ये करायची आहे. मला वाटत होतं, अडीच मिलिमीटरची काडी, जरा गरम पाण्यात ठेवली की वाकेल. पाठीच्या कमानीला बाहेरून फाटतेच. पातळ असूनही का?

गुण्या

कारण वळणसुद्धा बारा पटीने घट्ट झालंय. काडी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. किती ताणली जाते ते जाडी आणि वळणाची त्रिज्या यांच्या गुणोत्तरावर असतं. ३० मिमी जाड काडी २०० मिमी त्रिज्येत वाकवा, किंवा २.५ मिमीची काडी १६.७ मिमी त्रिज्येत वाकवा, बाहेरचा ताण तोच, सुमारे साडेसात टक्के. लाकूड ताणात एक-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही, वाफवलं तरी फारसं नाही. दाबात मात्र वाफवलेलं लाकूड बरंच जास्त सोसतं.

थोनेटची खरी युक्ती इथेच होती. काडीच्या बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी, दोन्ही टोकांना घट्ट धरलेली. मग बाहेरचे रेषे ताणले जाऊच शकत नाहीत, सगळं वाकणं आतल्या बाजूच्या दबण्यातून येतं. तुम्हीही तेच करा. ०.१ मिमीचा पितळी पत्रा बाहेरून, टोकांना काडी अडेल असे ठोकळे, आणि गरमागरम साच्याभोवती एका दमात वळवा. बारीक काडी सेकंदांत थंड होते, हाच लहान मापाचा तोटा. साचा वाफेच्या भांड्याशेजारीच ठेवा.

रंधेवाला

काडीच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सलग हव्यात. करवतीने कापलेली नको, कोयत्याने चिरलेली घ्या आणि मग गोल करा. रेषा मध्येच बाजूने बाहेर पडत असेल, तर पत्रा लावूनही तिथेच फाटेल.

चपडालाख

नाहीतर थरांची करा. अर्ध्या मिलिमीटरच्या पाच पट्ट्या गोंद लावून साच्याभोवती गुंडाळा. प्रत्येक थराचा ताण पाचव्या हिश्शावर, दीड टक्क्याच्या आसपास येतो. सुकल्यावर घासून गोल. थरांच्या रेषा दिसू नयेत म्हणून सगळे थर एकाच फळीतून, कापलेल्या क्रमानेच लावायचे. किंवा बारीक वेत घ्या. वेत वाकायला गुणी आहे, पण त्याची छिद्रं भरून काढावी लागतात.

वाफाळ

थरांचं करून बघतो, पत्र्याचंही. वाकवल्यावर थोडं उलगडतं त्याचं काय?

चपडालाख

साचा थोडा घट्ट करा आणि काडी पूर्ण सुकेपर्यंत साच्यावरच राहू द्या. घाईने काढलीत तर तुमची कमान तुमच्याकडे बघून हसेल.

आता माझा प्रांत. पॉलिशबद्दल अजून कुणी बोललं नाही आणि निम्मी कामं तिथेच खेळण्यातली दिसू लागतात. कारण चकाकी. मोठ्या टेबलावर आरशासारखी चमक राजेशाही दिसते. लहान टेबलावर खिडकीचं प्रतिबिंब सगळा पृष्ठभाग व्यापतं आणि वस्तू प्लॅस्टिकची वाटते. शिवाय जाड थराने कडा बोथट होतात. खऱ्या टेबलाची अर्धा मिलिमीटरची मोडलेली कड इथे ०.०४ मिमी झाली, म्हणजे काचपेपरचा एक हलका हात. त्यावर दाट वॉर्निश फासलं तर कड गोलच झाली समजा.

मी चपडा लाख वापरते. स्पिरिटमध्ये पातळ, साधारण १०० मिलीला दहा ग्रॅम, रात्रभर ठेवून कापडातून गाळलेली. एक हात, सुकू द्यायचं, ६०० नंबरच्या काचपेपरने हलकं घासायचं, दुसरा हात. तीन-चार हात झाले की अगदी बारीक स्टीलवूलने चमक मारायची आणि किंचित मधमाश्यांचं मेण. लाखेचा मोठा गुण म्हणजे नवा हात जुन्यात विरघळून एक होतो, थरावर थर साचल्यासारखा दिसत नाही.

आणि कृपा करून रंग आधी, गोंद नंतर. जिथे गोंद लागला तिथे लाकूड रंग पीत नाही, आणि तो पांढुरका डाग नंतर कशानेही जात नाही. भाग सुटे असतानाच रंगवा, लाखेचा पहिला हात द्या, फक्त जोडाच्या जागा चिकटपट्टीने झाकून ठेवा. जोडातून बाहेर आलेला गोंद मग लाखेवरून सहज खरवडता येतो.

फटफजिती

सुपर ग्लू चालेल का? मला थांबायला जमत नाही.

चपडालाख

सुपर ग्लूची वाफ आजूबाजूच्या लाखेवर पांढरा धुरकट थर धरते. बारीक धातूकामाला ठीक, कपाटाला नको. जुन्या पद्धतीचा सरस अजूनही माझा आवडता. चुकीचा बसला तर ऊब आणि ओलावा देऊन पुन्हा सोडवता येतो. पांढऱ्या पीव्हीए गोंदाचं तसं नाही.

गुण्या

सुपर ग्लू सांडला तर सुती फडक्याने किंवा कापसाने पुसू नका. त्यातलं सायनोॲक्रिलेट आणि कापूस यांची झटक्यात क्रिया होऊन फडकं तापतं, त्वचा भाजू शकते.

फटफजिती

बापरे. मी कापसाच्या बोळ्यानेच पुसायचो. यापुढे नाही.

घरात एक लहान मूल आहे आणि भिंती पातळ आहेत. आवाज आणि धूळ दोन्हीचं काय करायचं? आणि सुरुवात कशाने करू? खुर्ची?

रंधेवाला

खुर्ची नको. फर्निचरमध्ये खुर्ची सगळ्यांत अवघड, मोठ्या मापातही. पाय तिरके, पाठ कललेली, एकही कोन काटकोन नाही. सरळ पायांचं चौकोनी टेबल करा. चारही पाय एकदम एकाच लांबीचे कापायचे: बेंच हुकवर (करवतताना लाकूड टेकवायची, टेबलाच्या कडेला अडकणारी फळी) एक ठोकळा पक्का बसवा, पट्टी त्याला टेकवा, कापा, पुढची टेकवा, कापा. चार वेळा मोजलंत तर चार लांब्या मिळतील. त्यानंतर बाक, मग पलंग, मग खण. खुर्ची शेवटी.

पाऊणइंची

आवाजाचं म्हणाल तर हाताच्या हत्यारांना जवळजवळ आवाज नाही. धूळ मात्र गंभीरपणे घ्या. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. ते मुख्यतः रोज भरपूर धुळीत राबणाऱ्या कामगारांच्या अभ्यासावरून आहे, पण आपलं काम घासण्याचं, धूळ अगदी बारीक, आणि नाक वस्तूपासून वीतभर अंतरावर. एन-९५ मास्क लावा, झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. जमेल तिथे घासण्याऐवजी रंधा किंवा पातं ओढून खरवडा. त्यातून वळ्या निघतात, धूळ नाही, आणि पृष्ठभागही जास्त स्वच्छ मिळतो. जवसाचं तेल वापरत असाल तर तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा. पिन व्हाइसची टोकं आणि पाती डब्यात, डबा उंच.

चिमुकलं_कपाट

दारांच्या बिजागऱ्यांचं कुणी सांगेल का? तयार पितळी बिजागऱ्या मापाला मोठ्या वाटतात आणि त्यांचे खिळे बसता बसत नाहीत.

पाऊणइंची

मी बिजागरी लावतच नाही. दाराच्या मागच्या कडेला वर आणि खाली एकेक पितळी तार, त्यावर दार फिरतं. ०.६ मिमीची तार, ०.७ मिमीचं भोक. भोकाचा मध्य दाराच्या मागच्या कडेपासून जाडीच्या निम्म्या अंतरावर, आणि ती कड अर्धगोल घासायची. मग दार उघडताना कोपरा कपाटाच्या बाजूला लागत नाही.

दीड मिलिमीटर जाड दाराच्या टोकात ०.७ मिमीचं भोक पाडायला गेलं की दोन्हीकडे ०.४ मिमीची भिंत उरते आणि ती फुटते. म्हणून दाराच्या उभ्या पट्टीचं लाकूड आधी तीन मिलिमीटर जाड ठेवायचं, त्यात दोन्ही टोकांकडून भोक पाडायचं, आणि मग दोन्ही तोंडांनी सारखं रंधून दीडवर आणायचं. भोक मध्यावर राहतं, फुटत नाही. काकांची पितळी पट्ट्यांची फळी इथे फार कामाची.

चिमुकलं_कपाट

आणि तार आत घालायची कशी? कपाट जोडून झाल्यावर जागाच नसते.

पाऊणइंची

तार बाहेरून. कपाटाच्या छताला आणि तळाला आरपार भोक, दार जागेवर धरायचं आणि तार बाहेरून आत सरकवायची. छतात आणि तळात तार घट्ट, दारात सैल. वरचं भोक छताच्या झालरपट्टीखाली जातं, खालचं कुणी बघत नाही. तारेला गोंद लावू नका. लावलाच तर तो दारापर्यंत ओघळतो आणि दार कायमचं बंद. छतातलं भोकच ०.६ चं ठेवा, तार तिथे दाबून बसते आणि कधी दार काढावं लागलं तर पक्कडीने ओढता येते, त्यासाठी टोक अर्धा मिलिमीटर बाहेर राहू द्या.

तिरकस_करवत

झालरपट्टी मग चिकटवायची नाही ना? नाहीतर तार काढणार कशी?

पाऊणइंची

नाही. तिला दोन बांबूच्या खुंट्या, नुसत्या दाबून बसवलेल्या.